सोलापूर ते गेगोंग : डॉ. कोटणीसांचे रोजचे दिवस

सोलापूरकराच्या परदेशवारीची खरेदी आजही बहुधा नवी पेठेतच होते. चाकांची बॅग, स्वेटर, कुलपे. बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरल्याशिवाय घरची माणसे निरोप देत नाहीत. तिकडे जेवणाचे काय, भाषेचे काय, आजारी पडलो तर काय, या काळज्याही बरोबर असतात. याच शहरात 10 ऑक्टोबर 1910 रोजी जन्मलेल्या द्वारकानाथ शांताराम कोटणीसांनी या प्रश्नांची जी उत्तरे शोधली, त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. आपल्याला त्यांचे हौतात्म्य पाठ आहे. त्यांचे रोजचे जगणे मला त्याहून मोठे वाटते.

1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि पुढच्या जानेवारीत चार सोलापूरकरांना येरवड्यात फाशी झाली. कोटणीस त्या पिढीचे. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनसाठी सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली होती. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केले आणि पाच डॉक्टर निघाले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस. 1 सप्टेंबर 1938 रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबई सोडली. हाँगकाँगमार्गे 17 तारखेला ते कॅन्टनला पोचले.

तिथून पुढचा रस्ता युद्धाने ठरवला. शहरे पडत होती, रुग्णालये मागे सरकत होती, डॉक्टरही त्यांच्याबरोबर. हांको, यीचांग, मग चुंगकिंग. तिथे असताना वडील वारल्याची बातमी आली. घरी परतण्याचा रास्त हक्क होता. तरीही ते थांबले. 22 जानेवारी 1939 रोजी चुंगकिंगहून निघालेल्या मोटारी सुमारे तीन आठवड्यांनी, 12 फेब्रुवारीला, येनानला पोचल्या.

येनान म्हणजे पिवळ्या मातीचे डोंगर आणि त्यात कोरलेल्या गुहा. राहणे तिथेच, दवाखानाही तिथेच. उत्तर चीनच्या त्या कोरडवाहू मुलखाचे रोजचे अन्न म्हणजे राळे आणि ज्वारी. राळ्याची शेती मुळात तिथलीच, हजारो वर्षांची. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा आपल्याला केवढा अभिमान! ज्वारीच्या मुलखातला हा माणूस दूर परदेशी जाऊन पुन्हा ज्वारीच्याच मुलखात राहिला. परदेशी डॉक्टरांना जरा बरे खाणे देण्याची तिथे पद्धत होती. कोटणीसांनी खास वागणूक नाकारली आणि बाकीच्यांचे जेवण तेच आपले केले. अंगावर चू ते यांच्या आठव्या मार्ग सेनेचा साधा गणवेश चढवला.

भाषेचे तसेच. दुभाष्यावर विसंबून काम भागले असते. पण कुठे दुखते हे जखमी शिपायाने आपल्याच तोंडाने सांगावे आणि डॉक्टरने ते ऐकावे, याला दुभाष्या पुरत नाही. हजारो चिन्हांची ती लिपी त्यांनी वाचायला-लिहायला शिकून घेतली, इतकी की चिनी विद्यार्थ्यांना ते चिनीतच शस्त्रक्रिया शिकवू लागले. पाठ्यपुस्तकही लिहायला घेतले होते. दिवसभर जखमी तपासायचे आणि मग परकी अक्षरे गिरवायची, या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार आहे.

बहुतेक सोबती एकेक करून परतले. चीनमध्येच जखमींवर उपचार करणारे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून 12 नोव्हेंबर 1939 रोजी बोटाच्या जखमेतून झालेल्या जंतुसंसर्गाने गेले. खेचराच्या पाठीवर मावेल असा शस्त्रक्रियेचा सरंजाम त्यांनी बेतला होता. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी 1941 मध्ये कोटणीसांकडे आले. हपै प्रांतातील तांग तालुक्यातले गेगोंग हे त्यांचे शेवटचे गाव. परिचर्या शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी 1941 मध्ये लग्न केले. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. नाव ठेवले यिनह्वा, भारत आणि चीन मिळून. अपस्माराचे झटके सोसत ते काम करीत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले.

ख्वाजा अहमद अब्बासांचे पुस्तक आणि व्ही. शांताराम यांचा 1946 चा चित्रपट यांमुळे नाव घरोघरी पोचले. त्यांची समाधी शिच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. गुओ छिंगलान पुढे अनेकदा भारतात आल्या. 2012 मध्ये त्यांचे निधन झाले.

भैय्या चौकातले कोटणीसांचे घर महापालिकेने स्मारक म्हणून जपले आहे. शाळकरी मुलांना तिथे जरूर न्या. जन्म-मृत्यूच्या तारखांबरोबर कोटणीसांनी चीनमधले जेवण कसे आपलेसे केले आणि ती अवघड लिपी कशी गिरवली, हेही त्यांना आवर्जून सांगा.