लाइट बिल कमी करून देण्याचा धंदा: आधी मोजा, मग विका

स्मार्ट प्लग, सेन्सर, मोबाइलवरून चालणारा एसी हे सगळं आपण व्हिडिओत बघितलं. आता धंद्याचं बोलू. कोल्हापुरात हे विकायचं कुणाला आणि कसं?

अंबाबाई मंदिराच्या आसपासचा 10 एसी खोल्यांचा एक लॉज डोळ्यासमोर आणा. पाहुणे दर्शनाला जातात, एसी चालूच राहतो. प्रत्येक खोलीत रोज 2 तास एसी असा रिकामा चालला आणि तासाला 1 युनिट गेलं असं धरा. दिवसाला 20 युनिट झाली. 10 रुपये युनिटनं दिवसाला 200 आणि महिन्याला 6,000 रुपये. हे वाया जाणारे पैसे म्हणजेच तुमचा धंदा.

पायरी 1: मोजा

मालक म्हणेल, "एसीच सगळी लाइट खातोय." लगेच मान डोलवू नका. गीझर किंवा पाण्याची मोटरही असू शकते. महावितरणचा स्मार्ट मीटर असेल तर वापर मोबाइलवर दिसतो, पण तो पूर्ण जोडणीचा एकच आकडा असतो. म्हणून एसी, गीझर आणि मोटरच्या लाइनवर वायफायचे वेगळे छोटे मीटर बसवा. 15 दिवस काहीही न बदलता नुसतं बघा. पहाटे 3 वाजता गीझरची लाइन चालू दिसली की चोर सापडला!

पायरी 2: स्वस्तातले उपाय आधी

एसी 18 ऐवजी 24 वर ठेवायला सांगा. एक अंश वाढवला की एसीची साधारण 6 टक्के वीज वाचते. जुना पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा 30-35 वॅटमध्ये भागवतो.

पायरी 3: मग स्मार्ट उपकरणं

गीझरला वेळ लावा. एसीला सेन्सर लावा, पण नुसता हालचालीचा नको. झोपलेला माणूस हलत नाही, मग मध्यरात्री एसी बंद होतो आणि पाहुणा काउंटरवर भांडायला येतो! सोबत दाराचा सेन्सर जोडा: दार उघडून बंद झालं आणि त्यानंतर आत हालचालच नाही, तरच एसी बंद. नेट गेलं तरी यंत्रणा चालली पाहिजे.

गीझर, एसीसाठी हलका प्लग वापरू नका, तो वितळेल. वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. आणि 2019, 2021 च्या पुरात पाणी शिरलेली इमारत असेल, तर बोर्ड त्या पाण्याच्या खुणेच्या वरच बसवा.

पायरी 4: बचत सिद्ध करा

खरी परीक्षा इथं आहे. समजा काम भाद्रपदात केलं आणि पुढच्या महिन्यात नवरात्र आलं. लॉज फुल्ल! बिल वाढणार आणि मालक म्हणणार, "काय हो, तुमच्या मशीननं लाइट वाढवली की!"

म्हणून एकूण बिलाची तुलना कधीच करू नका. एका रात्रीला एका भरलेल्या खोलीमागे किती युनिट लागली, ते काढा. समजा आधीच्या महिन्यात 200 खोल्या भरल्या आणि 2,000 युनिट गेली, म्हणजे खोलीमागे 10. नवरात्राच्या महिन्यात 290 खोल्या आणि 2,320 युनिट, म्हणजे खोलीमागे 8. बिल वाढलं, तरी बचत 20 टक्के! हे सूत्र काम सुरू करण्यापूर्वीच करारात लिहून घ्या. मग मोजणीची ठरावीक फी आणि बचतीतला ठरावीक हिस्सा मागताना तुम्हाला संकोच वाटणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: ओळखीच्या एका लॉजची किंवा दवाखान्याची 12 महिन्यांची बिलं मागा, खोल्यांच्या नोंदवहीशेजारी ठेवा आणि खोलीमागचा आकडा काढा. मालकाला तो कागद दाखवा. उपकरणांचा विषय त्यानंतर काढा.