गुंतागुंतीचे माप

तंजावरच्या भोसले दरबाराचे मराठी लेखन दोन वाटांनी चालत असे. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजी राजांनी बृहदीश्वराच्या मंदिरात आपल्या घराण्याचा इतिहास कोरविला, तो देवनागरीत. १८०५ च्या सुमारास त्यांनी छापखाना काढला, त्यातही देवनागरी ठसे होते. परंतु रोजचा जमाखर्च आणि पत्रव्यवहार मोडीत चाले. मोडी लिहिताना ओळभर रेघ आधी ओढून घेतात आणि मग शक्य तो हात न उचलता अक्षरामागून अक्षर लिहीत जातात. ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहीत, शब्दाशब्दांत जागा सोडीत नाहीत. लिहिणाऱ्याचा वेळ त्यामुळे वाचतो खरा. पण तो वाचणाऱ्याच्या नावे पडतो. कारकून हयात होते तोवर हा व्यवहार परवडला. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी निवर्तले, राज्य खालसा झाले, आणि मागे कागदांचे रुमाल उरले. ते वाचू शकणारी माणसे आज थोडी आहेत.

संगणकाच्या आज्ञावलीची स्थिती याहून फारशी निराळी नाही. यंत्राला शब्दांतील मोकळी जागा, नावांचा अर्थ किंवा वाक्यांची मांडणी यांचे काहीच सोयरसुतक नसते. आज्ञा कशाही कोंबल्या तरी ते त्या निमूटपणे पार पाडते. अडते ते माणसाचे. आज्ञावली एकदा लिहिली जाते, पण नियम बदलला किंवा चूक सापडली की ती पुन्हा पुन्हा वाचावी लागते. आणि वाचणारा बहुधा दुसराच कोणीतरी असतो. त्याला अर्थ नीट लागला नाही तर तो भलत्याच ठिकाणी हात घालतो, आणि त्या चुकीचे फळ ज्याच्यासाठी ती आज्ञावली चालते त्याला भोगावे लागते.

तेव्हा प्रश्न असा, की गुंतागुंत मोजता येईल काय? १९७६ मध्ये टॉमस मॅकेब या अमेरिकन गणितज्ञाने तिचे एक माप सुचविले. फंक्शन म्हणजे आज्ञावलीतला एक काम करणारा स्वतंत्र तुकडा. त्याचा नकाशा काढावयाचा. टप्पे म्हणजे बिंदू आणि एका टप्प्यावरून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटा म्हणजे रेषा. रेषांच्या संख्येतून बिंदूंची संख्या वजा करून दोन मिळविले की गुंतागुंतीचा अंक निघतो. व्यवहारात याहून सोपी रीत आहे: जेथे वाट फुटते अशा जागा मोजाव्या आणि त्यांत एक मिळवावा. हा अंक दहाच्या आत असावा, असे मॅकेबचे मत होते. एकापुढे एक असे वीस दुफाटे असतील तर अंक एकवीस येतो. पण त्यांतून जाण्याचे एकंदर मार्ग दहा लाखांच्या वर जातात. ते सारे कोणी तपासून पाहू शकत नाही. म्हणून अंक वाढू लागला की सावध व्हावयाचे.

तंजावरचेच उदाहरण घेऊ. तेथील राजांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे बांधली होती. १८०१ मध्ये सरफोजींनी इंग्रज अधिकाऱ्यास लिहिलेल्या पत्रात त्यांची व्यवस्था वर्णिली आहे: कोणाला शिजविलेले अन्न, कोणाला कोरडा शिधा, मुलांना दूध, आजाऱ्यांना वैद्याचे उपचार, आणि अन्नदान मध्यरात्रीपर्यंत. समजा, अशा छत्रासाठी आज कोणी फंक्शन लिहिले. आलेला यात्रेकरू आजारी आहे काय, तान्हे मूल आहे काय, मध्यरात्र उलटली आहे काय, शिजविलेले अन्न त्याला चालते काय, असे चार प्रश्न त्यात येतील. अंक झाला पाच. घाईने लिहिणारा हे प्रश्न एकाच्या पोटात दुसरा असे रचतो. मग चौथ्या प्रश्नापाशी पोहोचेपर्यंत मागील तीन उत्तरे वाचकाने ध्यानात धरावयाची. आणि आजाऱ्याचे काय करावयाचे, हे पहिल्याच प्रश्नाचे उत्तर त्याला अगदी तळाशी सापडते.

हेच सरळ मांडता येते. आजारी असेल तर वैद्याकडे पाठवावे, प्रश्न मिटला. तान्हे मूल असेल तर दूध द्यावे, प्रश्न मिटला. याप्रमाणे एकेक प्रकरण वरच्यावर निकालात काढीत उतरावयाचे. आता कोणताही प्रश्न दुसऱ्याच्या पोटात नाही. नवलाची गोष्ट ही, की मॅकेबचा अंक अजूनही पाचच आहे. त्याचे माप वाटा मोजते, खोली मोजीत नाही. या उणिवेमुळेच पुढे पोटातल्या प्रश्नाला अधिक भार देणारी मापे निघाली.

दुसरा उपाय तुकडे पाडण्याचा. 'आजारी' कोणाला म्हणावे हे ठरविताना ताप, जखम किंवा अशक्तपणा अशा तीन अटी असल्या, तर त्यांना जोडणारा प्रत्येक 'किंवा' हा एकेक दुफाटाच होय. अंक सातावर जातो. त्या अटी वेगळ्या फंक्शनमध्ये नेऊन त्याला 'आजारी आहे काय' असे नाव दिले, की मूळ फंक्शनचा अंक पाच राहतो आणि नव्याचा तीन येतो. बेरीज आठ, म्हणजे पूर्वीपेक्षा एकाने अधिकच. तरीही वाचन सुलभ झाले, कारण एका वेळी मनात धरावयाचे ओझे घटले. मात्र नाव खरे असले पाहिजे. नावावर विश्वास ठेवता आला नाही, तर वाचकाला दोन्ही तुकडे वाचावे लागतात आणि पाडलेला तुकडा भारच ठरतो.

अशा पुनर्रचनेला रिफॅक्टरिंग म्हणतात; मार्टिन फाउलर यांच्या १९९९ मधील ग्रंथाने ती सर्वतोमुखी केली. तिची मुख्य अट अशी, की बाहेरून दिसणारे वर्तन तिळमात्र बदलता कामा नये. म्हणून आधी कसोट्यांची यादी करावयाची: तापाने फणफणलेला यात्रेकरू, तान्हे मूल, मध्यरात्रीनंतर आलेला प्रवासी, आणि प्रत्येकाला काय मिळाले पाहिजे ते. मग एक लहानसा बदल करावा, सर्व कसोट्या पुन्हा लावाव्या, आणि त्या उतरल्या तरच पुढचे पाऊल टाकावे. वाटेत जुनी चूक आढळली तर तिची नोंद ठेवून ती स्वतंत्रपणे दुरुस्त करावी; दोन्ही कामे एकत्र केली की बदल कशामुळे झाला हे कळेनासे होते.

अंक कमी करणे हे मात्र या खटाटोपाचे साध्य नव्हे. बारा महिन्यांची बारा नावे देणाऱ्या फंक्शनचा अंक दहाच्या वर जातो, आणि ते तर एखादे मूलही वाचील. उलट अंक दोन असूनही फसवी नावे असलेले फंक्शन जाणत्यालाही चकवील. माप संशयाची जागा दाखविते. निवाडा वाचणाऱ्यानेच करावयाचा असतो. तंजावरच्या कारकुनाला दीडशे वर्षांनंतरचा वाचक डोळ्यांपुढे आणणे शक्य नव्हते, त्याला दोष देता येत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याचा वाचक मात्र बहुधा पुढल्या वर्षीच येतो, आणि त्याच्या चुकीने छत्राच्या दाराशी उपाशी राहणारा माणूस खराखुरा असतो.