कोळसाही विमानाने!

विमानातून सर्वांत जास्त काय नेलं असेल? बर्लिनच्या बाबतीत उत्तर आहे, कोळसा!

२४ जून १९४८. पश्चिमेकडच्या देशांनी जर्मनीतल्या आपल्या ताब्यातल्या भागात नवं चलन आणल्यावर सोव्हिएत संघाने, आपल्या ताब्यातल्या प्रदेशाने वेढलेल्या पश्चिम बर्लिनकडे येणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. वीस लाखांहून जास्त माणसं अडकली. उरले फक्त तीन हवाई मार्ग. ते १९४५ च्या लेखी कराराने ठरलेले असल्यामुळे विमानं अडवायची तर ती पाडावी लागली असती. म्हणजे थेट युद्धच.

मग अमेरिका आणि ब्रिटनने अख्खं शहर विमानांनी पोसायचं ठरवलं. जनरल विल्यम टनर यांनी शिस्त घालून दिली: उतरण्याची संधी एकदाच. हुकली, तर मालासकट माघारी! घिरट्या बंद झाल्या आणि रांग चालू राहिली. बटाटेसुद्धा वजन वाचवायला वाळवून नेले. मीठ धातू गंजवतं, म्हणून ते खाऱ्या पाण्यातही गंजू नयेत अशा बनवलेल्या, पाण्यावर उतरणाऱ्या सुंदरलँड विमानांनी हाफेल नदीवर पोचवलं. वैमानिक गेल हॅल्व्हरसन तर रुमालांच्या पॅराशूटला चॉकलेटं बांधून मुलांसाठी खाली सोडायचे.

१६ एप्रिल १९४९ ला चोवीस तासांत १,३९८ फेऱ्या झाल्या, म्हणजे जवळपास मिनिटाला एक! १२ मे रोजी नाकेबंदी उठली. तरी साठा व्हावा म्हणून उड्डाणं सप्टेंबरपर्यंत चालली. एकूण सुमारे २३ लाख टन माल पोचला.

कधी बर्लिनला गेलात, तर पूर्वीच्या टेम्पलहोफ विमानतळासमोरचं स्मारक जरूर बघा. त्याचे वर वळलेले तीन पट्टे म्हणजे तेच तीन हवाई मार्ग.