मुरुमांवर घरचा लेप : उपयोग किती, अपाय किती?

तारुण्यपिटिका, मुरूम, पुटकुळ्या, पिंपल्स. नावे अनेक असली तरी त्रास एकच. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत बहुतेक मुलामुलींना तो कमीअधिक प्रमाणात होतोच. काहींना तिशीनंतरही होतो. जिवाला धोका नसल्यामुळे घरातली मोठी माणसे "वयात आल्यावर येतातच, आपोआप जातील" असे म्हणून विषय संपवतात. पण ज्याच्या चेहऱ्यावर ते येतात त्याला आरशासमोर उभे राहणेही नकोसे होते. शिवाय मुरूम गेले तरी काही वेळा मागे खड्डे राहतात, आणि ते जन्मभर जात नाहीत.

पुण्याच्या नारायण पेठेत आणि शेजारच्या सदाशिव पेठेत बाहेरगावाहून शिकायला आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला आलेली कितीतरी मुलेमुली कॉट बेसिसवर राहतात. दिवस अभ्यासिकेत जातो, जेवण मेसचे असते आणि खर्चाला पैसे मोजके. चेहऱ्यावर मुरूम उठले की डॉक्टरांची फी परवडत नाही, म्हणून खोलीतली मैत्रीण सांगेल तो लेप लावला जातो. मुलतानी माती, बेसन, हळद, मध, लिंबू हे सारे चौकातल्या किराणा दुकानात नाहीतर तुळशीबागेच्या फेरीत मिळते. तालुक्याच्या गावातही याहून वेगळे घडत नाही. घरचा लेप मुळात वाईट नाही. मात्र त्याच्याकडून किती अपेक्षा करावी आणि त्यात काय घालू नये, हे माहीत असायला हवे.

मुरूम येतो कसा?

आपल्या त्वचेवर बारीक छिद्रे असतात. प्रत्येक छिद्रात केसाचे मूळ असते आणि त्याला लागून तैलग्रंथी असते. वयात येताना शरीरातील संप्रेरकांमुळे या ग्रंथी जास्त तेल पाझरू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी साचून बूच बसते. तेल आत कोंडले जाते, त्यात एरवीही त्वचेवर राहणारे जंतू वाढतात, आणि मग सूज, लाली व पू दिसू लागतो.

यातील दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे मुरूम घाणीमुळे होत नाही. नाकावर दिसणारे काळे ठिपकेसुद्धा मळाचे नसतात. छिद्रात साचलेल्या द्रव्याचा हवेशी संबंध येऊन त्यातील रंगद्रव्य काळे पडलेले असते. म्हणून दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड धुऊन मुरूम जात नाहीत, उलट त्वचा कोरडी पडून चिडते. दुसरी गोष्ट म्हणजे आज दिसणाऱ्या मुरमाची सुरुवात त्वचेच्या आत कित्येक आठवडे आधी झालेली असते.

लेपाचे काम किती?

लेप वरच्या थरावर काम करतो. तो जादा तेल शोषतो, गारवा देतो, लाली थोडी कमी करतो. छिद्राच्या आत बसलेले बूच मात्र तो सहसा काढू शकत नाही, आणि संप्रेरकांवर तर त्याचा काहीच परिणाम होत नाही. लहानसा मुरूम साधारणपणे आठवड्याभरात आपोआप बसतो. त्याच आठवड्यात आपण लेप लावलेला असला तर श्रेय लेपाला मिळते, आणि पुढच्या महिन्यात नवे मुरूम आले की आपण दुसरा लेप शोधू लागतो.

थोडे, तुरळक मुरूम असतील तर लेपाने बरे वाटते, यात शंका नाही. मोठे, दुखरे, खोल मुरूम असतील तर फक्त लेपावर विसंबून महिने घालवू नयेत. खड्डे पडतात ते याच काळात.

काय वापरावे?

मुलतानी माती : तेलकट त्वचेसाठी हा सर्वांत साधा लेप. दोन चमचे माती उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवून पातळ थर लावावा. आठ-दहा मिनिटांनी, थर ओलसर असतानाच, साध्या पाण्याने धुवावा. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा पुरे. माती कडकडीत वाळून चेहरा ताणला जाईपर्यंत बसण्याची पद्धत चुकीची आहे. सुश्रुतसंहितेतही लेप वाळल्यावर अंगावर ठेवू नये, वाळलेला लेप निरुपयोगी असून त्रासच देतो, आणि रात्री लेप लावू नये, असे सांगितले आहे. कोरड्या त्वचेच्या व्यक्तींनी हा लेप टाळावा.

कोरफड : कुंडीतल्या कोरफडीचे पान कापून पंधरा मिनिटे उभे ठेवावे. त्यातून पिवळा चीक गळतो. तो त्वचेला झोंबतो, म्हणून पान धुऊन घ्यावे आणि फक्त आतला पारदर्शक गर लावावा. पंधरा-वीस मिनिटांनी चेहरा धुवावा. इराणमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुरुमांच्या नेहमीच्या मलमासोबत कोरफडीचा गर वापरणाऱ्यांना नुसते मलम लावणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला आणि मलमाचा त्रासही कमी झाला. म्हणजे कोरफड औषधाला साथ देते. औषधाची जागा ती घेईल असे मात्र नव्हे.

लोध्र, धने आणि वेखंड : आयुर्वेदात मुरुमांना 'मुखदूषिका' म्हटले आहे. तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, काटेसावरीच्या काट्यांसारख्या पिटिका असे त्यांचे वर्णन सुश्रुताने केले आहे. शार्ङ्गधरसंहितेत त्यांवर लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेप सांगितला आहे. काष्ठौषधींच्या दुकानात तिन्ही द्रव्ये मिळतात. चूर्ण वस्त्रगाळ हवे, जाडेभरडे नको. वेखंड उग्र असल्यामुळे नाजूक त्वचेला झोंबू शकते. वैद्यांना विचारून प्रमाण ठरवावे हे उत्तम.

चंदन : सहाणेवर उगाळलेले खरे चंदन गारवा देते. स्वस्त 'चंदन पावडर' बहुधा रंग आणि सुगंध घातलेली असते. ती चेहऱ्यावर न लावलेली बरी.

मध : मधात जंतूंची वाढ रोखण्याचा गुण आहे, जखमांवर तो वापरतातही. पण मुरुमांवर त्याची परीक्षा झाली तेव्हा निकाल निराशाजनक लागला. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जंतुनाशक साबणासोबत मध लावणाऱ्यांना नुसता साबण वापरणाऱ्यांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. मधाने अपाय होत नाही, पण त्यासाठी महागडी बाटली आणू नये.

हळद आणि बेसन : हळदीत सूज कमी करणारे द्रव्य आहे, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. चिमूटभर हळद चालेल, मात्र सुट्या हळदीत रंगाची भेसळ असू शकते. घरी दळलेली किंवा खात्रीची हळद घ्यावी. बेसन तेल काढते, पण ते चेहऱ्यावर खसाखसा चोळू नये.

कोणताही लेप प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून पाहावा आणि दोन दिवस थांबावे. खाज किंवा लाली आली तर तो लेप आपल्यासाठी नाही. तसेच एका लेपात सात-आठ वस्तू घालू नयेत, कारण त्रास झाला तर तो कशाने झाला ते कळत नाही. लेप ताजा करावा. उरलेला डबीत भरून आठवडाभर वापरू नये.

काय टाळावे?

लिंबू : सर्वाधिक नुकसान याच्यामुळे होते. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, लिंबाचा रस तिच्याहून कितीतरी पट अधिक आम्ल असतो. फुटलेल्या मुरमावर तो भाजल्यासारखा लागतो. शिवाय लिंबातील काही द्रव्यांची उन्हाशी प्रक्रिया होऊन त्वचेवर फोड येतात आणि गडद डाग पडतात. डाग घालवायला लावलेल्या लिंबाने नवे डाग पडतात ते असे.

खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट : सोडा अल्कधर्मी आहे. तो त्वचेचे नैसर्गिक संरक्षण बिघडवतो. टूथपेस्टने मुरूम 'सुकतो' असे वाटते, पण त्याच्याबरोबर आजूबाजूची त्वचाही सोलवटते.

साय आणि खोबरेल : कोरड्या त्वचेला हे चांगले. मुरूम असलेल्या चेहऱ्यावर मात्र स्निग्ध पदार्थांनी छिद्रे अधिक बुजतात. डोक्याला चपचपीत तेल लावून झोपणाऱ्यांच्या कपाळावर बारीक पुरळ उठते, त्याचे कारण बहुधा हेच असते. तेल लावायचेच असेल तर न्हाण्याआधी तासभर लावून धुऊन टाकावे.

भरड उटणे, संत्र्याच्या सालीची भुकटी, जायफळ : दिवाळीच्या उटण्याने अंग चोळावे, पण मुरुमांचा चेहरा वगळावा. भरड कणांनी मुरूम फुटतात. सालीने आणि जायफळाने पुष्कळांना जळजळ होते.

लेपात मिसळलेले मलम

अलीकडे आणखी एक घातक प्रकार दिसतो. लेपाचा गुण लवकर यावा म्हणून त्यात औषधांच्या दुकानातील एखादी 'गोरेपणाची' किंवा 'डागांची' ट्यूब मिसळतात, नाहीतर रात्री ती नुसतीच लावतात. लग्न पंधरा दिवसांवर आले किंवा मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की हा मोह फार होतो. यातील अनेक ट्यूबांमध्ये बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी स्टेरॉइडे असतात.

पहिले काही दिवस चेहरा उजळतो, सूज उतरते. नंतर मात्र त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, उन्हात चेहरा जळजळतो, नको तिथे लव वाढते आणि मुरूम पूर्वीपेक्षा जास्त येतात. मलम थांबवले की त्रास उसळतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो आणि त्याच्या आहारी जातो. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड मलमे 'शेड्यूल एच' यादीत घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही कोणी दिली तर घेऊ नयेत. ट्यूबवर लिहिलेली घटकद्रव्ये वाचण्याची सवय लावून घ्यावी. बरेच दिवस असे मलम वापरले असेल तर मनाने काही न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ते योग्य रीतीने बंद करायला मदत करतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मोठ्या दुखऱ्या गाठी झाल्या, खड्डे पडू लागले, मुरूम छाती-पाठीवर पसरले, किंवा दोन-तीन महिने काळजी घेऊनही फरक पडला नाही, तर जावे. मुलींना मुरुमांसोबत पाळी अनियमित येत असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील तर अवश्य जावे. त्यामागे संप्रेरकांचा बिघाड असू शकतो.

खर्चाची धास्ती बाळगू नये. पुण्यात ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. इतर जिल्ह्यांतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि अनेक जिल्हा रुग्णालयांत त्वचेचे डॉक्टर माफक खर्चात तपासतात. बेंझॉइल पेरॉक्साइड, अॅडापॅलीन यांसारखी मुरुमांवरची मलमे फार महाग नसतात, आणि छिद्रातील बूच व जंतू यांवर ती थेट काम करतात. मात्र त्यांचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत कंटाळून सोडू नये. गर्भवती स्त्रियांनी आणि दिवस राहण्याची शक्यता असणाऱ्यांनी डॉक्टरांना तसे आधी सांगावे, कारण मुरुमांवरच्या काही औषधांनी, विशेषतः आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी, गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून अशा गोळ्या कधीही घेऊ नयेत.

रोजची काळजी

दिवसातून दोनदा सौम्य साबणाने चेहरा धुवावा आणि टिपून कोरडा करावा. टॉवेल आणि उशीचा अभ्रा स्वतःचा, स्वच्छ असावा. एका खोलीत चार-पाच जण राहत असतील तर हे विशेष पाळावे. मुरूम फोडू नये. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर फोडलेल्या मुरमाचा काळा डाग महिनोन् महिने राहतो. नाक आणि वरचा ओठ यांच्या परिसरातील फोड तर मुळीच दाबू नयेत. तिथला संसर्ग क्वचित प्रसंगी आत, मेंदूपर्यंत जाऊ शकतो. उन्हात जाताना टोपी किंवा ओढणी वापरावी.

आहारात फार गोड, मैद्याचे पदार्थ आणि शीतपेये कमी करून पाहावीत. काहींना दुधाने, तर व्यायामशाळेत घेतल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या भुकटीने मुरूम वाढतात. मेसमध्ये भाकरी, उसळ, ताक मिळत असेल तर तेच घ्यावे.

आणि पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी मुरुमांबद्दल बोलली तर हसण्यावारी नेऊ नका. "तोंड धूत नाहीस म्हणून होते" असेही म्हणू नका, कारण ते खरे नाही. लेप हौसेने लावू द्या, आठवड्यातून एकदा तुम्हीच कालवून द्या. पण चेहऱ्यावर पहिला खड्डा दिसला की आणखी वाट न पाहता डॉक्टरांकडे घेऊन जा. मुरुमाचे वय निघून जाते, खड्डा मात्र राहतो.