पोट दुखते, पण रविवारी नाही!

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. मूल सकाळी उठले की पोट धरून बसते. रविवारी मात्र दुखत नाही. तपासले तर पोट मऊ असते, ताप नसतो, वजनही ठीक असते. आई विचारते, "डॉक्टर, हा सोंग तर करत नाही ना?"

सोंग नव्हे. दुखणे खरे असते. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली आहेत. मनात भीती किंवा काळजी असली की आतड्यांची हालचाल बदलते आणि बेंबीभोवती दुखू लागते. मात्र दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, वारंवार उलट्या, ताप किंवा शौचातून रक्त असेल, तर शाळेचे निमित्त न समजता ताबडतोब तपासून घ्यावे.

बाकीच्या मुलांना मी एकच प्रश्न विचारतो, "चार दिवस शाळेत गेला नाहीस, तर तुझी चौकशी कोण करील?" पुष्कळ मुले गप्प बसतात. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात हजेरीपुरतेच नाव उरते. पाचवीत किंवा आठवीत शाळा बदललेली, शिक्षणासाठी खेड्यातून मामाकडे आलेली, आईवडील ऊसतोडीला गेलेली मुले तर अधिकच एकटी पडतात.

अमळनेरचा धडा

आपल्या शेजारच्या खानदेशात याचे उत्तर फार पूर्वी सापडले आहे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे तेथील छात्रालय सांभाळू लागले. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर रागावण्याऐवजी ते स्वतः आवरीत. आजारी मुलाची शुश्रूषा करीत. मुलांसाठी छात्रालयाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहीत. १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे हे सारे अवघ्या सहा वर्षांतले.

प्रत्येक शिक्षक साने गुरुजी होऊ शकत नाही, हे मान्य. म्हणूनच व्यवस्था हवी. साठ मुलांच्या वर्गाचे बारा-बारा मुलांचे पाच गट करावेत. गट गुणांवरून वा ओळखीवरून न करता चिठ्ठ्या टाकून करावेत, आणि वर्षभर मोडू नयेत. वर्गशिक्षकांनी रोज एका गटाबरोबर अर्धा तास गोल बसावे. त्या वेळी बाकीची मुले मैदानावर किंवा वाचनालयात जातील. या अर्ध्या तासाला अभ्यासक्रम नाही, गुण नाहीत. कोण गैरहजर आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाला गणित अडते, एवढेच बोलायचे. आजारी मुलाच्या घरी वही पोचविण्याची जबाबदारी गटाचीच. फळ्यावरचा सुविचार संध्याकाळी पुसला जातो, पण सोबत्यासाठी केलेले काम अंगवळणी पडते. चारित्र्य घडते ते असे.

आरोग्याशी संबंध काय?

१९९७ साली अमेरिकेत सुमारे १२ हजार किशोरवयीन मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. घर आणि शाळा आपली वाटणाऱ्या मुलांमध्ये मनाचा त्रास, आत्महत्येचे विचार, मारामाऱ्या आणि व्यसने कमी आढळली. आपल्याकडेही आयुष्मान भारत योजनेत २०२० पासून शाळांतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची तरतूद आहे. गटांचे काम त्यांच्या देखरेखीखाली सुरू करता येईल.

एक पथ्य मात्र पाळावे. गटात कोणाचीही चेष्टा होऊ देऊ नये. मुलाने मारहाण किंवा गैरवर्तनाविषयी सांगितले तर ते दाबून ठेवू नये. मुख्याध्यापकांना सांगावे, १०९८ या क्रमांकावर कळवावे. जीव नकोसा झाल्याचे मूल बोलले तर त्याला एकटे सोडू नये. डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

पालकांनी आज रात्री जेवताना मुलाला किती गुण पडले हे विचारण्याऐवजी शाळेत डबा कोणाबरोबर खातोस, हे विचारावे. उत्तर "कोणाबरोबरच नाही" असे आले, तर वर्गशिक्षकांना भेटावे आणि पुढच्या पालकसभेत गटांचा विषय जरूर काढावा.