मूळ पानावर उमटलेली शाई

दोन प्रोग्रॅमना एकच मजकूर हवा असला, की लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, दोघांना मेमरीतलं एकच पान दाखवतो. एखादा त्यावर लिहू लागला, तर त्याच्यापुरती झेरॉक्स काढून देतो; मूळ पान जसंच्या तसं राहतं. जागा वाचवणारी ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

पण तिच्यात एक चूक होती, दोन पावलांमधल्या फटीत. झेरॉक्स निघाल्यावर कर्नल ‘याला लिहायचं आहे’ ही नोंद पुसून पान पुन्हा शोधत असे. नेमक्या त्या क्षणी त्याच प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या दुसऱ्या थ्रेडने झेरॉक्स टाकून दिली, तर हाती मूळ पान येई आणि लेखन थेट त्यावरच होई. फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइली अशा बदलता येत. साधा वापरकर्ता त्यातून अख्ख्या यंत्राचा ताबा घेऊ शकत होता!

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्येच ही फट बुजवायचा प्रयत्न केला होता. आयबीएमच्या मेनफ्रेमवर अडचण आल्याने तो मागे घ्यावा लागला. ‘डर्टी काऊ’ नावाने गाजलेला हा दोष अखेर ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाला. त्या दुरुस्तीत नोंद पुसणं थांबवलं आणि ‘झेरॉक्स काढली आहे’ अशी वेगळी खूण ठेवली गेली.

अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच. फोनवर सुरक्षा अपडेटची सूचना आली, तर ती उद्यावर ढकलू नका.