बाळाकडे पाहताना नेमके काय पाहावे?

बाळाने मान केव्हा धरली, पालथे केव्हा पडले, पहिले पाऊल केव्हा टाकले, याची आठवण आपल्या घरांतून आवर्जून ठेवली जाते. थोडा उशीर झाला, की ‘याचा बापही दोन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता’ असा दिलासा वडीलधाऱ्यांकडून मिळतो. पुष्कळदा तो खराही ठरतो. प्रश्न आहे तो ज्या थोड्या बाळांच्या बाबतीत तो खरा ठरत नाही त्यांचा. त्यांचे जे महिने वाट पाहण्यात सरतात, ते मेंदूची जडणघडण अतिशय वेगाने होण्याचे महिने असतात.

मुलांच्या विकासाचे पद्धतशीर निरीक्षण करून त्याची वयानुसार वेळापत्रके मांडण्याचे मोठे काम अमेरिकेतील येल विद्यापीठात अर्नोल्ड गेझेल यांनी केले. १९११ मध्ये त्यांनी तेथे केंद्र सुरू केले आणि पुढे एकाच बाजूने दिसणाऱ्या पडद्याआडून, तसेच चित्रफितींच्या साहाय्याने असंख्य बाळे न्याहाळली. आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी प्रमाणित केलेली मापनश्रेणी आजही तज्ज्ञांच्या वापरात आहे. जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या या श्रेणीत हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी तपासल्या जातात.

मात्र वेळापत्रक म्हटले की पालकांचा एक गैरसमज होतो. ‘बाराव्या महिन्यात चालते’ याचा अर्थ तेराव्या महिन्यात न चालणारे बाळ मागे पडले, असा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह पाच देशांतील निरोगी बाळांच्या निरीक्षणांवरून हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले. ते तारखा नव्हेत, कालावधी आहेत. आधाराविना बसणे ३.८ ते ९.२ महिने, तर स्वतंत्रपणे चालणे ८.२ ते १७.६ महिने! म्हणजे नवव्या महिन्यात चालणारे आणि सतराव्या महिन्यात चालणारे, दोन्ही बाळे निकोप असू शकतात. सुमारे ४ टक्के बाळे तर हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत, हेही याच अभ्यासात दिसले. शिवाय अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे लागते. दोन महिने आधी जन्मलेल्या सहा महिन्यांच्या बाळाकडून चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची.

‘केव्हा’ इतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे असते ते ‘कसे’. याचे उत्तम उदाहरण हाइन्झ प्रेख्टल यांच्या संशोधनात सापडते. साधारण तीन ते पाच महिन्यांचे जागे, शांत बाळ उताणे पडले असता त्याची मान, धड आणि हातपाय सर्व दिशांना बारीक, अखंड चुळबुळ करीत असतात. घरच्यांना त्यात विशेष काही वाटत नाही. परंतु प्रेख्टल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये १३० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ही चुळबुळ नेहमीसारखी असलेल्या ७० बाळांपैकी ६७ जणांचा चेतासंस्थेचा विकास पुढे व्यवस्थित झाला. ती बिघडलेली किंवा अजिबात नसलेल्या ६० पैकी ५७ जणांत दोष आढळले, आणि त्यांतील ४९ मुलांना सेरेब्रल पाल्सी झाली. बाळाला हात न लावता, खेळणे न देता, केवळ काही मिनिटांचे चित्रण पाहून केलेले हे निदानपूर्व अनुमान आहे. अर्थात ते प्रशिक्षित नजरेचे काम आहे. घरी बसून आईने करायचे नव्हे.

आईने, आजीने पाहण्यासारख्या गोष्टी वेगळ्या. काऊचिऊचा घास भरवताना आजी ‘तो बघ काऊ’ म्हणते. वर्षाचे बाळ तिच्या बोटाच्या दिशेने पाहते, आणि थोड्याच दिवसांत स्वतः बोट दाखवून ‘आजीने पाहिले का’ म्हणून वळून तिच्या तोंडाकडे बघते. हे वळून बघणे फार मोलाचे. ऑस्टर्लिंग आणि डॉसन या संशोधकांनी १९९४ मध्ये स्वमग्न ठरलेल्या ११ आणि इतर ११ मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती तपासल्या. बोट दाखवणे, वस्तू दुसऱ्याला दाखवणे, चेहऱ्याकडे पाहणे आणि नावाला प्रतिसाद देणे यांत फरक तेव्हाच दिसत होता. केक कापण्याच्या गडबडीत तो कुणाच्या लक्षात येणार?

काही खुणा दिसल्यास मात्र थांबू नये. तीन महिने उलटूनही बाळ ओळखीचे हसत नाही, वर्षाच्या आतच ते एकच हात वापरते व दुसरा मुठीत आवळलेला राहतो, वर्षाचे झाले तरी बडबड वा हातवारे नाहीत, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही. आणि सर्वांत गंभीर म्हणजे, येत असलेले शब्द वा कौशल्य कोणत्याही वयात नाहीसे होणे. बोलण्यास उशीर असेल तर प्रथम श्रवणचाचणी करून घ्यावी. दार आपटल्यावर दचकते म्हणजे ऐकू येते, हा पुरावा पुरेसा नाही.

अशी खूण म्हणजे निदान नव्हे. भुकेलेले, झोपाळलेले, अनोळखी माणसाला बुजलेले बाळ दवाखान्यात काहीच करून दाखवत नाही, म्हणून जाणता तज्ज्ञ एका भेटीवर निकाल देत नाही. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरत्या पथकांकडून अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. विकासातील विलंब हा त्या तपासणीचा एक भाग असून, शंका असलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. तेथे जाताना लसीकरणाचे कार्ड, प्रसूतीचे कागद आणि घरी निवांत खेळत असलेल्या बाळाचे मोबाइलवरील चार-पाच मिनिटांचे चित्रण सोबत न्यावे. दवाखान्यात रडून जे दिसत नाही, ते त्यात दिसते.